गच्चीचं काम काढताय? मग उकाड्याचंही काढा

एप्रिलअखेरीस रात्री नऊच्या सुमाराला स्टुलावर चढा आणि छताला खालून तळहात टेकवून बघा. अर्थात शेवटच्या मजल्यावर राहत असाल तर. बाहेर एव्हाना बरं झालेलं असतं, खाली कट्ट्यावर गप्पा रंगलेल्या असतात, समोरच्या कडुलिंबाची पानं हलत असतात. छत मात्र बटण बंद करून पाच मिनिटं झालेल्या इस्त्रीसारखं लागतं. सूर्य मावळून दोन तास उलटले, तरी घरात ऊन आहेच. दिवसभर ते स्लॅबमध्ये मुरत होतं आणि आता सावकाश खाली उतरतंय.

सांगलीत विश्रामबागेत तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर आमचं घर आहे. घेताना एजंट म्हणाला होता, ‘वर कुणाची कटकट नाही, हवा भरपूर.’ वर कुणी नाही हीच खरी कटकट, हे पहिल्या उन्हाळ्यात कळलं. दुसऱ्या मजल्यावरच्यांना आम्ही म्हणजे फुकटची छत्री.

नव्या इमारतींसाठी आता नियम आहेत. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोनं डिसेंबर २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ आणली. भिंतीतून, छतातून किती उष्णता आत आलेली चालेल याच्या मर्यादा त्यात घातल्या आहेत. पण सांगली-मिरज-कुपवाडात जी घरं आज उभी आहेत त्यांचं काय? सत्तर-ऐंशीच्या दशकातले बंगले, नव्वदीतल्या तीन मजली सोसायट्या, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीभोवतीच्या पत्र्याच्या खोल्या. यातली बरीचशी घरं अजून वीस-तीस वर्षं तरी कुठं जात नाहीत. युरोपनं हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर हातात घेतलाय. २०३० पर्यंत साडेतीन कोटी जुन्या इमारती ऊर्जेच्या हिशेबानं दुरुस्त करायच्या, असं युरोपीय संघानं २०२० मध्ये ठरवलं. त्यांना आतली ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही, आपल्याला बाहेरचा ताप आत येऊ द्यायचा नाही. गोधडी एकच, पांघरायची बाजू उलटी.

आता हा ताप नेमका येतो कुठून ते बघू. सांगली जवळपास १७ अक्षांशावर. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात एक दिवस असा येतो की भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाला सावलीच पडत नाही. त्यानंतर काही आठवडे तो दुपारी चक्क किंचित उत्तरेला असतो. म्हणजे ज्या दक्षिणेच्या भिंतीला आपण हिवाळ्यात ऊन खाणारी म्हणून ओळखतो, तिला मे महिन्यात जवळजवळ काहीच लागत नाही. सकाळी पूर्वेची भिंत तापते, संध्याकाळी पश्चिमेची, आणि दिवसभर बिनतक्रार तापतं ते छत. त्यामुळे दुरुस्तीचा पहिला रुपया छतावर गेला पाहिजे. खिडकीच्या महागड्या काचा दाखवणारा कुणी आला तर त्याला आधी गच्चीवर न्या.

छतातून किती उष्णता आत शिरते याचं एक माप आहे, त्याला ‘यू-व्हॅल्यू’ म्हणतात. गोधडीच्या जाडीचा आकडा समजा, पण उलटा. आकडा जितका मोठा, तितकी गोधडी पातळ. एक चौरस मीटर छत आणि आत-बाहेर एका अंशाचा फरक, तर किती वॅट उष्णता पलीकडे जाते, एवढंच ते सांगतं. साध्या सहा इंची स्लॅबचा हा आकडा साडेतीनच्या आसपास येतो. संहितेनं छताला दिलेली मर्यादा आहे १.२.

सहाशे स्क्वेअर फुटांचं घर म्हणजे ५५ चौरस मीटर छत. भर उन्हात छताचा वरचा पृष्ठभाग आतल्या हवेपेक्षा २० अंशांनी जास्त तापणं ही काही मोठी गोष्ट नाही. ५५ गुणिले ३.५ गुणिले २० म्हणजे ३,८५० वॅट. एक टनाचा एसी साधारण ३,५०० वॅट उष्णता घराबाहेर काढतो. (हा ‘टन’ बर्फावरून आला. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल, तेवढं ते माप. दुकानात ‘दीड टन घ्या’ म्हणतात तेव्हा खरं तर दीड टन बर्फ घ्या म्हणतात.) म्हणजे पूर्ण एक टनाचा एसी नुसता छताशी भांडण्यात खर्ची पडला आणि माणसांच्या वाट्याला काही उरलंच नाही. हाच हिशेब १.२ नं करा, १,३२० वॅट येतात. हिशेब ढोबळ आहे, कारण स्लॅब जड असतो, तो दुपारचं ऊन गिळून काही तासांनी खाली सोडतो. पण म्हणूनच तर रात्री नऊला छत गरम लागतं.

आपल्याकडच्या जुन्या लोकांना यातली सूत्रं ठाऊक नव्हती, पण परिणाम पुरता ठाऊक होता. सांगलीला लागूनच, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथली हळदीची पेवं प्रसिद्ध आहेत. तोंड अरुंद, आत माणूस उतरेल एवढा खोल खड्डा, आणि त्यात पोत्यांच्या पोती हळद वर्षानुवर्षं टिकायची. खोल जमिनीला वरचा उन्हाळा-हिवाळा फारसा कळत नाही, हे त्यातलं एक मोठं कारण. जत-आटपाडीकडं माळवदाची घरं अजून दिसतात. लाकडी तुळया, वर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. भर दुपारी आत पाऊल टाकलं की डोळ्यांआधी अंगाला फरक कळतो. म्हणून माळवदाकडं परत जा, असं मी सांगणार नाही. दर पावसाळ्याआधी माती चोपायची कुणी? पण त्या जाड थराचं काम आज दीड-दोन इंची शीटकडून करून घेता येतं.

सगळ्यात स्वस्त उपाय पांढरा रंग. काळपट, शेवाळलेली गच्ची अंगावर पडलेल्या उन्हातला बराच मोठा वाटा गिळते, स्वच्छ पांढरी गच्ची त्यातला बहुतेक भाग आकाशाकडं परत पाठवते. पाण्यात कालवलेला चुना, त्यात थोडा गोंद, आणि मार्चमध्ये दोन हात. एवढ्यानंही छताखाली फरक पडतो. दोष एकच, पाऊस ते धुऊन नेतो. दरवर्षी करायची तयारी असेल तर चुन्यासारखं दुसरं काही नाही, आणि ज्यांचं घर पत्र्याचं आहे त्यांना तर तातडीचा पहिला उपाय हाच. पांढऱ्या रंगाचं छत हा विषय अहमदाबादेत उष्णतेच्या कृती आराखड्याबरोबर पुढं आला, आणि तेलंगणानं २०२३ मध्ये त्यासाठी वेगळं धोरणच आणलं.

महागड्या तयार कोटिंगबद्दल मात्र सांभाळून. आम्ही एकदा केलं. ज्यानं केलं त्यानं गच्ची नीट धुतली नाही, शेवाळाच्या पापुद्र्यावरच रोलर फिरवला. पहिल्या पावसाळ्यानंतर ते दुधावरच्या सायीसारखं उचलून हातात यायला लागलं. रंगाचा डबा चांगला होता, खालची धूळ तशीच राहिली होती. गच्ची घासून, धुऊन, दोन दिवस वाळवून मगच रोलर लावू द्या, आणि हे होत असताना स्वतः वर थांबा.

टिकाऊ काम हवं असेल तर पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचं. चायना मोझॅक म्हणतात ते. टाइलच्या दुकानातले फुटके तुकडे गोळा करून गवंडी लावतात. धूळ बसली तर झाडून, धुऊन पुन्हा पांढरं. आता पुढची पायरी म्हणजे उष्णता रोखणारा थर. बाजारात त्याच्या फोमच्या कडक शीट मिळतात. एक्सपीएस त्यातली एक. काँक्रीटच्या तुलनेत या शीटमधून उष्णता पन्नासेक पट हळू जाते. एक इंची शीटनंसुद्धा वरचा साडेतीनचा आकडा एकच्या खाली येतो, दोन इंचीनं अर्ध्याच्या आसपास. खाली स्लॅब, त्यावर वॉटरप्रूफिंग, त्यावर शीट, वर उतार काढलेला कोबा, म्हणजे सिमेंट-विटांचा थर, आणि शेवटी पांढरे तुकडे.

शीट वरून का, खालून का नाही? कारण खालून लावली तर खोली वाचते, स्लॅब तापतच राहतो. बारा मीटर लांबीचा स्लॅब तीस अंशांनी तापला तर साधारण चार मिलिमीटर लांबतो, रात्री तेवढाच आखडतो. दररोज, वर्षानुवर्षं. मग पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या मुळाशी भेग पडते आणि तिथून पाणी झिरपतं. आमच्याकडं काम बघायला आलेले एक वयस्क गवंडी भेगेत नख घालून म्हणाले, ‘स्लॅबला बी ताप येतोय की. तुम्ही गोळी खालनं देताय, त्याला वरनं टोपी पायजे.’ अख्ख्या लेखाचं सार त्या माणसानं तिथंच सांगून टाकलं होतं.

एक धोका मात्र गवंडीही बरेचदा सांगत नाहीत. जुन्या कोब्यावर नवा कोबा ओतू नका. चार इंची विटांच्या कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात जातं. आमच्या ५५ चौरस मीटरला म्हणजे अकरा टन. भरलेला ट्रक डोक्यावर उभा करण्यासारखंच. जुना थर फोडून काढा, इमारत जुनी असेल तर आधी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी करा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (म्हणजे सरकारनं घालून दिलेल्या नमुना नियमांनुसार) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ते पाच वर्षांतून एकदा आणि तिसाच्या पुढच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायलाच हवं. किती सोसायट्यांत होतं, ते विचारू नका.

आतून थर्माकोल आणि पीओपीचं छत करून घेणारे बरेच आहेत. गरम स्लॅब डोळ्याआड होतो, थोडं बरंही वाटतं, पण गळती सुरू झाली तर ती महिनोन्महिने कळत नाही. शिवाय थर्माकोल पेट घेतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला २०१७ मध्ये आग लागली, ७२ माणसं गेली. नूतनीकरणात बाहेरून बसवलेल्या ज्वलनशील आवरणानं ती आग बघता बघता वरपर्यंत नेली. घर थंड ठेवण्यासाठी त्यावर काहीही चढवताना ‘हे जळतं का?’ हा प्रश्न भावाच्या आधी विचारायचा.

भिंती-खिडक्यांचं थोडक्यात. ऊन काचेच्या बाहेरच अडवायचं. आतला पडदा ओढला तर खोली अंधारते, पण ऊन काचेतून आत आलेलंच असतं. बाहेरून बांबूची चिक किंवा छज्जा असेल तर ते आतच येत नाही. आणि स्लायडिंग खिडक्या! दोन झापांची स्लायडिंग कधीच अर्ध्यापेक्षा जास्त उघडत नाही. आपण पूर्ण खिडकीचे पैसे देऊन अर्धी घेतो. आपल्याकडं उन्हाळ्यात दिवस चाळिशीला टेकला तरी पहाट बरीच खाली येते. ती हवा रात्री घरात खेळवून सकाळी आठला खिडक्या बंद करायच्या, ही आजीची पद्धत शंभर टक्के शास्त्रीय आहे. मात्र छत रात्रभर ताप सोडत असेल तर ती हवाही हरते.

पूररेषेतल्या घरांना वेगळं सांगायला हवं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, इशारा ४० फुटांना आणि धोका ४५ ला असतो. गावभाग-खणभागातल्या कितीतरी घरांत ते दिवसेंदिवस होतं. २०२१ ला पुन्हा. अशा घरांच्या तळमजल्यावर भिंतीला आतून लोकरीसारख्या पदार्थाचं अस्तर लावणं म्हणजे स्पंज बांधून ठेवणं. तिथं पाणी न पिणारं साहित्यच घ्या, नाही तर भिंतीला हातच लावू नका. जुन्या दगड-मातीच्या, चुन्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक रंग चढवला की ओल आतच कोंडते. त्यांना चुनाच मानवतो.

छत झालं की मग यंत्रं. साधा पंखा ७५ वॅटचा, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा २८ ते ३० वॅटचा. चार पंखे रोज बारा तास धरले तर दिवसाला दोन युनिटांहून जास्त, महिन्याला पासष्टेक युनिट वाचतात. महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांनी चढतं: शंभरपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा. वाचलेली युनिटं सगळ्यात वरच्या, म्हणजे सगळ्यात महाग टप्प्यातली असतात. म्हणून मे महिन्यात तीनशेच्या वर जाणाऱ्या घराला त्याच पासष्ट युनिटांची किंमत डिसेंबरपेक्षा जास्त.

आणि सोलर सगळ्यात शेवटी. २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली, ३ किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांची मदत मिळते, त्यामुळे सध्या सगळ्यांना घाई आहे. पॅनल छान सावली देतात हेही खरं. पण एक किलोवॅटला साधारण शंभर स्क्वेअर फूट जागा लागते, आणि ते एकदा बसलं की खालच्या गळतीला हात घालता येत नाही. आमच्याच गल्लीत एकांनी आधी पॅनल बसवले, पुढच्या पावसाळ्यात छत गळायला लागलं, आता पॅनल उतरवण्याचे, वॉटरप्रूफिंगचे आणि पुन्हा चढवण्याचे, असे तिहेरी पैसे मोजतायत.

इथवरचं सगळं एका घराचं झालं. हजारो घरांचं करायचं तर अडतं कुठं?

एलईडी बल्बचं उदाहरण घ्या. ‘उजाला’ योजना जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली. सरकारी कंपनीनं कोट्यवधी बल्ब एकगठ्ठा विकत घेतले आणि तीनशेच्या घरात असलेली खरेदीची किंमत दोन-तीन वर्षांत चाळिशीच्या खाली आली. छताचं असं का होत नाही? कारण होल्डर देशभर सारखा, गच्ची प्रत्येकाची वेगळी. एकीला टाकी, दुसरीला जिन्याची खोली, तिसरीला शेजाऱ्यानं परवानगीशिवाय घातलेला पत्र्याचा शेड. नेदरलँड्समध्ये ‘एनर्जीस्प्राँग’ नावाच्या उपक्रमानं यावर एक युक्ती काढली. एकाच साच्यातल्या वसाहती निवडायच्या, घरांची बारीक मापं घ्यायची, भिंतीची आणि छताची आवरणं कारखान्यात तयार करायची आणि थोड्या दिवसांत आणून बसवायची. आपल्याकडं असा साचा शोधायचा तर म्हाडाच्या वसाहती, पोलीस लाइन, साखर कारखान्यांच्या कॉलन्या.

नुसते पैसे ओतून होत नाही, हे इटलीनं दाखवलं. २०२० मध्ये तिथल्या सरकारनं घराच्या अशा दुरुस्तीवर खर्चाच्या ११० टक्के करसवलत दिली. शंभर खर्च करा, एकशेदहा घ्या. मग घासाघीस कोण करणार? बांधकामाचे भाव फुगले, खोट्या बिलांचे प्रकार निघाले, सरकारचा बोजा शंभर अब्ज युरोंच्या पलीकडं गेला आणि शेवटी योजना आवरती घ्यावी लागली. घरमालकाचा एक रुपया तरी अडकलेला हवा.

पत्र्याच्या घरात राहणाऱ्याचं गणित मात्र वेगळं. ‘विजेच्या बचतीतून खर्च फिटेल’ हे एसीवाल्याला ठीक. ज्याच्याकडं एकच पंखा आहे त्याचं वाचणार काय? त्याला मिळते ती झोप, आणि झोपेचं बिल येत नाही. भाड्याच्या घरात आणखी गुंता. छत मालकाचं, उकाडा भाडेकरूचा.

सोसायटीत हाच गुंता मजल्यांचा होतो. गच्ची सगळ्यांची, ताप वरच्यांचा. आमच्या सभेत मी उष्णतेचा विषय तीनदा काढला. तळमजल्यावरचे काका दर वेळी शांतपणे म्हणायचे, ‘तुमच्या उकाड्याला आमची वर्गणी कशाला?’ यावर उत्तर नाही. पण गळतीचं तसं नाही. आदर्श उपविधींनुसार गच्चीची गळती दुरुस्त करणं हा सोसायटीचाच खर्च आहे. त्यासाठीच दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधीत आणि पाव टक्का सिंकिंग फंडात, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीच्या राखीव निधीत जमा व्हायचा असतो. गळतीसाठी कोबा फोडायचाच आहे, मजूर वर येणारच आहेत, डेब्रिज उतरवायचंच आहे. त्यात मधल्या शीटचा आणि पांढऱ्या तुकड्यांचा खर्च तेवढा वाढतो. आणि स्लॅबचं रोजचं लांबणं-आखडणं कमी झालं की वॉटरप्रूफिंगही जास्त टिकतं, म्हणजे काकांची पुढची वर्गणीही लांबते. युरोपातले जाणकारही हेच सांगतात. इमारतीचं दुसरं काही काम निघालं की तेव्हाच ऊर्जेचं काम त्यात घुसवा, नुसत्या ऊर्जेसाठी कुणी परात घेऊन वर चढत नाही.

अडचण आहे ती पंचांगाची. उकाड्याची चर्चा मे महिन्यात होते, तेव्हा एकही गवंडी मोकळा नसतो आणि पाऊस दाराशी असतो. हे काम दिवाळीनंतर काढून शिमग्याच्या आत संपवायचं, पाणी तुंबवून तपासायलाही तेवढे दिवस लागतात. म्हणजे मंजुरी हवी वार्षिक सभेत. ती कायद्यानं ३० सप्टेंबरच्या आत, आणि सप्टेंबरात उकाडा कुणाला आठवतो?

यंदाच्या नोटिशीत सातवा विषय होता: ‘गच्चीच्या गळतीबाबत निर्णय घेणे.’ सेक्रेटरींना विचारून मी त्यात ‘व उष्णतारोधक थर’ एवढं घालून घेतलं. काका नोटीस हातात घेऊनच भेटले, ‘हे आणि काय नवीन?’ म्हटलं, ‘या वर, चहा घेऊ.’ एप्रिल असता तर छताला हात लावायला सांगितलं असतं. आता हॉलच्या कोपऱ्यातली ओल दाखवली. काकांनी चष्मा वर केला, तिला बोट लावून पाहिलं आणि विचारलं, ‘शीटचा भाव काय पडतोय?’